झोपेत पाय झटकतात, ते कशामुळे?

"काल रात्री पुन्हा लाथा झाडत होतीस हं!"

सकाळचा चहा पुढ्यात ठेवत होते, तेवढ्यात आमच्या ह्यांनी हे ऐकवलं. सासूबाई पलीकडे भाजी निवडत बसलेल्या, मुलगी डब्याची वाट पाहत उभी. सगळ्यांदेखत असं ऐकल्यावर काय बोलणार? "मी? छे! मला तर अगदी गाढ झोप लागली होती," असं म्हणून मी स्वयंपाकघरात पळ काढला. पण ते मनात राहिलंच. कारण आदल्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाई सांगलीहून चार दिवस राहून गेल्या होत्या आणि त्यांच्या खोलीत झोपणाऱ्या माझ्या मुलीनं मला सांगितलं होतं, "मोठी काकू रात्री झोपतच नाही गं आई. सारखी पायावर पाय घासते, मग उठून फेऱ्या मारते. आणि पहाटे कधी झोप लागली, की तिचे पाय असे झटकन उडतात!"

म्हणजे आमच्या घरात दोघींचे पाय रात्री चालत होते. एकीला त्याचा पत्ताच नव्हता आणि दुसरीला त्यापायी झोप नव्हती. दोन्हींचं कारण एकच असेल का? मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, थोडं वाचलं, चार मैत्रिणींशी बोलले. तेव्हा कळलं, की हे दुखणं घरोघरी आहे, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. झोपेतले पाय म्हणजे काय सांगण्यासारखी गोष्ट आहे, असंच आपल्याला वाटतं. म्हणून ही सारी माहिती तुमच्यापुढे ठेवते आहे.

डोळा लागता लागता

आधी अगदी साधी गोष्ट घेऊ. अंथरुणाला पाठ टेकली, डोळा लागतो न लागतो, आणि एकदम जिन्याची पायरी चुकावी तसं होऊन आपण दचकतो. पाय उडतो, कधी सगळं अंगच हलतं, छातीत धडधडतं. हा अनुभव कुणाला नाही? जागेपणातून झोपेत शिरताना स्नायू सैल पडू लागतात, त्या वेळी मेंदूकडून एखादा चुकार झटका सुटतो, इतकंच. दिवसभराची दगदग, काळजी, अपुरी झोप, संध्याकाळनंतरचा कडक चहा किंवा कॉफी यांनी असे झटके वाढतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रात्रीतून एखाद-दुसऱ्या वेळी दचकलं आणि पुन्हा झोप लागली, तर ते विसरून जावं.

तान्ह्या बाळाचंही तसंच. झोपेत त्याचे ओठ हलतात, बोटं थरथरतात, पाय उडतात. बाळ जागं झालं की हे थांबतं. तेव्हा नव्या आईनं उगीच धास्ती घेऊ नये. मात्र जागेपणीही झटके येत असतील, किंवा बाळाचा रंग बदलत असेल, तर तडक डॉक्टरांना दाखवावं.

ठरावीक अंतरानं झटकणारे पाय

आता माझ्या लाथांकडे वळू. "किती वेळानं पाय उडत होता?" असं मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण थांबून थांबून, अगदी तालात!" डॉक्टरीणबाईंनी नेमका हाच शब्द पकडला. झोपेत अंगठा वर उचलला जातो, पाऊल घोट्यातून वर येतं, कधी गुडघा आणि मांडीही दुमडते. दोनेक सेकंदांत पाय पुन्हा सैल पडतो. वीस-तीस सेकंद गेले की परत तेच. अशी माळ कधी काही मिनिटं, तर कधी तास-दोन तास चालते. ज्याचे पाय उडतात त्याला बहुधा काहीच ठाऊक नसतं. शेजारी झोपणारा मात्र सकाळी कातावून उठतो!

झोपेच्या तपासणीत डोक्याला आणि पायांना तारा लावून हे झटके मोजता येतात. मोठ्या माणसात तासाला पंधरापेक्षा अधिक झाले तर डॉक्टर त्याची दखल घेतात. पण नुसत्या आकड्यावरून कुणी आजारी ठरत नाही. साठीनंतर पुष्कळ माणसांचे पाय असे झटकतात आणि तरी ती ताजीतवानी उठतात. त्यांना औषधाची गरज नसते. खरा प्रश्न विचारायचा तो हा, की या झटक्यांनी झोप मोडते का? आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी अंग जड असतं का, दुपारी वर्तमानपत्र हातात घेतलं की मान कलंडते का? तसं असेल तर कारण शोधायलाच हवं.

एक कारण घोरण्याचंही आहे, बरं का. जी व्यक्ती मोठ्यानं घोरते आणि मध्येच जिचा श्वास अडकतो, तिचा श्वास पुन्हा सुरू होताना पाय झटकतात. अशा वेळी पायांचा उपचार करून काय उपयोग? मूळ श्वासात असतं.

जागेपणीच पाय स्वस्थ बसू देत नाहीत तेव्हा

थोरल्या जाऊबाईंची गोष्ट वेगळी. त्यांचं दुखणं झोपेच्या आधीच सुरू होतं. दिवसभर त्या घरात नुसत्या भिरभिरत असतात, तेव्हा काही नाही. पण संध्याकाळी दिवेलागणीनंतर जरा टेकल्या, की पोटऱ्यांमध्ये काहीतरी हुळहुळायला लागतं. "मुंग्या म्हणावं तर मुंग्या नाहीत, दुखतंय म्हणावं तर दुखत नाही. आतून कुणी ओढतंय, वळवळतंय असं वाटतं बघ," असं त्या सांगतात. पाय हलवला की बरं, थांबवला की पुन्हा सुरू.

लहानपणी बसल्या जागी पाय हलवला, की आजी मांडीवर चापट मारायची आणि "पाय हलवू नये गं, घरात लक्ष्मी टिकत नाही," म्हणायची, हे आपण सगळ्याच ऐकत आलो. जाऊबाईंनी ते इतकं ऐकलं, की पुढे त्या लाजेनं लपवायलाच लागल्या. कीर्तनाला गेल्या तर कडेला, दाराशी बसायच्या. सिनेमाला यायला नको म्हणायच्या. एस.टी.च्या रात्रीच्या गाडीनं प्रवास म्हटला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, की ह्यांचे नखरेच फार! रात्री खोलीत फेऱ्या मारून भाऊजींची झोप मोडते म्हणून गेली तीन वर्षं त्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपत होत्या. मला हे त्या वेळी पहिल्यांदा कळलं. जाऊ असून मीही त्यांना मनातल्या मनात चिडखोर म्हणत होते, याचं मला वाईट वाटलं.

या दुखण्याला नाव आहे आणि ते नवंही नाही. टॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १६७२ साली अशा रोग्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. अंथरुणावर पडलं की ज्यांचे हातपाय अस्वस्थ होऊन उडू लागतात आणि ज्यांना झोप म्हणजे शिक्षा वाटते, असे ते रोगी. पुढे १९४५ साली स्वीडनमधल्या कार्ल-आक्सेल एकबोम या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याचा नीट अभ्यास करून 'बेचैन पाय' अशा अर्थाचं नाव दिलं. इंग्रजीत डॉक्टर त्याला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात.

ते ओळखायच्या खुणा चार. पाय हलवण्याची अनावर इच्छा होणं, बहुधा पायात काहीतरी विचित्र वाटण्यासह. बसलं किंवा पडलं की ते वाढणं. चाललं, पाय ताणले की तेवढ्यापुरतं कमी होणं. आणि संध्याकाळी, रात्री त्रास जास्त होणं. या चारही खुणा जुळल्या आणि दुसरं काही कारण सापडलं नाही, तर हेच दुखणं. ते ज्यांना असतं, त्यांच्यापैकी बहुतेकांचे पाय पुढे झोपेतही ठरावीक अंतरानं झटकतात. माझ्या मुलीनं पाहिलं ते हेच. मात्र झोपेत पाय झटकणाऱ्या प्रत्येकाला जागेपणीचा हा त्रास असतोच असं नाही. मला तो नव्हता.

आणखी एक गोष्ट, हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जवळजवळ दुपटीनं आढळतं. काही घराण्यांत ते आईकडून मुलीकडे येतं. जाऊबाईंची आईही रात्री ओसरीवर फेऱ्या मारायची म्हणे. तेव्हा बाहेरचं काही असेल म्हणून अंगारे-धुपारे झाले होते!

लोह कुठे गेलं?

बायकांतच का, याचं एक मोठं उत्तर आपल्या रक्तात आहे. मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य असतं. हालचालींवर ताबा ठेवण्याच्या कामी ते लागतं. ते तयार होण्यासाठी लोहाची, म्हणजे आयर्नची गरज असते. मेंदूत लोह कमी पडलं की हे काम बिघडतं. त्यातून संध्याकाळनंतर डोपामिनचं काम रोजच थोडं मंदावतं, म्हणून त्रासही नेमका तेव्हाच वाढतो.

आता आपल्या बायकांचा हिशोब पाहा. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. दर महिन्याची पाळी आहेच. ज्यांना अंगावरून जास्त जातं, त्यांचं नुकसान दुप्पट. एका बाळंतपणाला सारं धरून सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह लागतं. आणि रोजच्या जेवणातून अंगी किती लागतं? अवघं एक-दोन मिलिग्रॅम! त्यातही आपण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणार, पालेभाजी मुलांच्या ताटात जाणार आणि जेवणावर लगेच कपभर चहा घेणार. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी देशात शंभरांतल्या ५७ आणि महाराष्ट्रात ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपण म्हणतो, "मला कुठे काय झालंय?" पण हे आकडे तुमच्या-माझ्यासारख्यांचेच आहेत.

इथे एक गोम आहे, ती नीट लक्षात घ्या. जाऊबाईंनी रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन १२.१ निघालं. सगळे म्हणाले, "बघा, काही नाही!" पण हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातलं लोह. डब्यात आज पुरेसं पीठ आहे, म्हणून कोठीत पोतं शिल्लक आहे असं थोडंच? कोठीतलं लोह मोजायची तपासणी वेगळी. तिचं नाव फेरिटिन. साठा पार तळाला गेला तरी हिमोग्लोबिन काही काळ ठीक दिसतं. पायांच्या या दुखण्यात फेरिटिन ७५ पर्यंत किंवा त्याहून कमी असेल, तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र पुष्कळदा त्याहून फार कमी आकड्यालाही 'नॉर्मल' छापलेलं असतं. म्हणून नुसता कागद पाहून फाइलमध्ये ठेवू नका. पाय झटकतात हे डॉक्टरांना सांगून तो कागद त्यांना वाचायला द्या. ही तपासणी शक्यतो सकाळी करावी आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आदल्या दिवशी घेऊ नयेत. ताप किंवा अंगात दुसरा काही संसर्ग असेल तर फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, हेही ध्यानात ठेवावं.

जाऊबाईंचं फेरिटिन निघालं ९!

गोळ्या मनानं मात्र सुरू करू नयेत. आपल्याकडे काही कुटुंबांत थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार असतो. त्यात रक्त कमी दिसतं, पण लोह कमी नसतं. अशांना नाहक लोह दिलं तर अपायच होतो. डॉक्टरांनी गोळी दिली, तर तिच्याबरोबर चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी घेऊ नये. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका, तो गोळीचा परिणाम असतो. पोट बिघडलं, मळमळलं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, ते ती बदलून देतील. आणि या गोळ्या चिमुरड्यांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवा. त्या रंगीत गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात आणि चार-पाच पोटात गेल्या तरी जिवाशी गाठ पडू शकते.

लोह कमी का झालं, याचाही छडा लावायला हवा. पाळीत जास्त जात असेल तर ते "बायकांचं चालायचंच" म्हणून सोडू नये. पाळी बंद झालेल्या बाईच्या अंगातलं लोह कमी निघालं, तर पोटातून, आतड्यातून कुठे रक्त जातंय का हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

दिवस गेलेले असताना

गरोदरपणात सुमारे पाचांतल्या एकीला पायांची ही बेचैनी सुरू होते आणि शेवटच्या तीन महिन्यांत ती अधिक असते. पहिलटकरणीला वाटतं, आपल्याला हे काय नवीनच झालं? बहुतेक जणींचं बाळंतपणानंतर काही दिवसांतच थांबतं. एकदा झालं तर पुढच्या खेपेला पुन्हा होण्याचा संभव असतो, आणि पुढल्या आयुष्यातही. या काळात सरकारी दवाखान्यातून लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी मिळते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी ती १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. पुष्कळ जणी ती डब्यात साठवून ठेवतात! सुनेच्या, लेकीच्या गोळ्या संपताहेत का, यावर घरातल्या मोठ्या बाईनं जरा नजर ठेवावी. झोपेसाठी किंवा पायांसाठी दुसरं कुठलंही औषध मात्र या दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हे वेगळं, ते वेगळं

पायांच्या सगळ्याच तक्रारी एक नसतात. पोटरीत एकदम दगडासारखा गोळा येऊन कळ जाते, ती वांब. त्यात स्नायू हाताला घट्ट लागतो. पाय सरळ करून पाऊल आपल्याकडे ओढलं की ती सुटते. दिवसभर ओट्याशी उभं राहून संध्याकाळी पाय भरून येतात, शिरा फुगतात आणि पाय उशीवर उंच ठेवले की बरं वाटतं, ते शिरांचं दुखणं. तळव्यांची आग होते, बधिरपणा येतो आणि चालूनही फरक पडत नाही, तर साखर तपासावी. मधुमेहात पायाच्या नसांवर परिणाम होतो आणि तो रात्री जास्त जाणवतो. मूत्रपिंडाचं जुनं दुखणं असलेल्यांना, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांना बेचैन पायांचा त्रास पुष्कळ असतो.

घरातल्या दोन व्यक्तींकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. पहिली म्हणजे शाळा-कॉलेजातली मुलं. संध्याकाळी "पाय दुखतात, चेपून दे" म्हणणाऱ्या मुलाच्या अंगात लोह कमी असू शकतं. आणि सकाळी उठल्या उठल्या ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाताला झटका बसून कप, ब्रश पडतो, ते धांदरट म्हणून रागावू नका. तो फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो, आणि तो औषधानं चांगला ताब्यात राहतो.

दुसरे म्हणजे पन्नाशी उलटलेले यजमान! स्वप्नात कुणाशी भांडत असल्यासारखे ते ओरडतात, हात मारतात, लाथ घालतात, पलंगावरून खाली पडतात, तर ते नुसतं पाय झटकणं नव्हे. स्वप्न पडतं तेव्हा एरवी आपलं अंग लुळं पडलेलं असतं, म्हणूनच आपण स्वप्नातलं धावणं अंथरुणात धावत नाही. ही कडी निसटली की माणूस स्वप्न करून दाखवू लागतो. अमेरिकेतल्या मिनियापोलिस इथल्या डॉक्टरांनी १९८६ साली हा विकार वेगळा म्हणून नोंदवला. पुढे काही वर्षांनी कंपवातासारखं दुखणं येण्याची ती आधीची खूण असू शकते. म्हणून हसण्यावारी न नेता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं, आणि तोवर पलंगाजवळच्या टोकदार, काचेच्या वस्तू हलवाव्यात.

औषधांचा डबा उघडून पाहा

आणि आता माझ्या लाथांचं गुपित! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज कुठली गोळी घेता?" मी म्हटलं, "कुठलीच नाही." मग आठवलं. धुळीनं शिंका येतात म्हणून गेले दोन महिने रोज रात्री झोपताना औषधांच्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी मी घेत होते. त्या गोळीनं गुंगी येते, म्हणून झोपेलाही चांगली वाटायची. सर्दी-अॅलर्जीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी पायांची बेचैनी आणि झटके वाढू शकतात. ओकारी थांबवण्याची काही औषधं, नैराश्यावरची काही औषधं आणि मनोविकारांवरची काही औषधं यांनीही तसं होतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. पण नैराश्यावरची किंवा मनोविकारावरची गोळी आपल्या मनानं कधीही बंद करू नये. बदल करायचा तो डॉक्टरांनी. माझी सर्दीची गोळी त्यांनी बदलली आणि पंधरा दिवसांत ह्यांची तक्रार थांबली.

घरच्या घरी काय करावं?

• संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. एरवीही जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये, त्यानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

• जेवणात पालेभाज्या, उसळी, बाजरी, हळीव असावेत. त्यावर लिंबू पिळावं किंवा आवळा, पेरू खावा, म्हणजे लोह चांगलं शोषलं जातं. मांसाहार करणाऱ्यांना मटण, कलेजी यांतून लोह अधिक सहज मिळतं. मात्र गरोदरपणात कलेजी टाळावी. आणि साठा पार संपला असेल, तर तो नुसत्या आहारानं लवकर भरत नाही, हेही खरं.

• झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्या ताणण्याचे साधे व्यायाम करावेत. रोज चालावं, पण रात्री उशिरा दमवणारा व्यायाम नको.

• कोमट पाण्यात पाय बुडवून बसावं. पायांना तेल चोळावं. आपल्याकडे काशाच्या वाटीनं तळवे घासतात, त्यानं मूळ कारण जात नाही, पण कित्येकींना झोप लागेपर्यंत आराम पडतो. बधिर पायांच्या मधुमेही व्यक्तीनं मात्र गरम पाण्यापासून सांभाळावं, भाजलेलं कळत नाही.

• पोटऱ्यांना फडकं किंवा ओढणी आवळून बांधून झोपू नये. रक्ताला अडथळा होतो.

• तंबाखू, मिसरी सोडावी. घरात कुणी दारू घेऊन झोपत असेल, तर त्यानंही पायांचा त्रास वाढतो.

• झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली असावी. कमी झोपेनं पाय आणखी बेचैन होतात आणि बेचैन पायांनी झोप आणखी कमी होते.

डॉक्टरांकडे केव्हा जावं?

आठवड्यातून दोन-तीन रात्री झोप मोडत असेल, दिवसा पेंग येत असेल, जागेपणी पाय स्वस्थ बसू देत नसतील, तर जायलाच हवं. झटक्यांबरोबर जीभ चावली जाणं, अंथरुणात लघवी होणं, उठल्यावर काही वेळ भान नसणं असं काही असेल, तर अजिबात दिरंगाई नको. एकाच पायाला सूज, लाली आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवावं.

जाण्याआधी आठ-दहा दिवस एका वहीत टिपून ठेवा: त्रास किती वाजता सुरू झाला, चालल्यावर थांबला का, चहा कधी घेतला, पाळी कधी आली, कुठली गोळी घेतली. शेजारी झोपणाऱ्याला मोबाइलवर दोन मिनिटं पायांचं चित्रण करायला सांगा. डॉक्टरांना सांगण्यापेक्षा दाखवलेलं लवकर कळतं.

लोह भरून आल्यावरही त्रास राहिला तर दुसरी औषधं आहेत. डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या पूर्वी लगेच दिल्या जात. सुरुवातीला त्यांनी छान वाटतं, पण काही वर्षांनी दुखणं उलट वाढतं आणि संध्याकाळऐवजी दुपारीच सुरू होतं. म्हणून आता त्या सरसकट देत नाहीत. कुणा शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेऊ नये, हे वेगळं सांगायला नकोच.

जाऊबाईंचं काय झालं, ते सांगून थांबते. त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पाळीच्या त्रासावरही इलाज झाला. दोन दिवसांत जादू झाली असं मुळीच नाही. पहिला महिना तर त्या वैतागून फोनवर म्हणायच्या, "काही फरक नाही गं." तिसऱ्या महिन्यात एकदा सकाळी फोन आला. "अगं, काल रात्री पाचाला जाग आली. मध्ये उठलेच नाही!" अजूनही महिन्यातून चार-दोन रात्री त्यांना फेऱ्या माराव्या लागतात. पण सतरंजी घडी घालून माळ्यावर गेली आहे. भाऊजी स्वतःहून त्यांना सोबत घेऊन तपासणीला जातात, याचं जाऊबाईंना गोळ्यांपेक्षा जास्त वाटतं.

परवा त्या आल्या होत्या. कीर्तनाला आम्ही दोघी गेलो. सवयीनं मी दाराजवळ जागा धरली, तर म्हणाल्या, "अगं, पुढे चल की! इथून काही ऐकू येत नाही."

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणी रात्री फेऱ्या मारत असेल, कुणाचे पाय झोपेत उडत असतील, तर सकाळी चहाबरोबर थट्टा करण्याऐवजी एवढंच विचारा, "झोप झाली का गं तुझी?" आणि पुढच्या वेळी रक्त तपासाल, तेव्हा फेरिटिनचं तेवढं विसरू नका.